जुन्या जीपचा काटा ८० वर, गाडी मात्र ९९ ने: मॉडिफाय केलेल्या गाडीचं मीटर खरं कसं करायचं?

समृद्धी महामार्गावर आणि बाकीच्या मोठ्या रस्त्यांवर वेग मोजणारे कॅमेरे आले, तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. "काटा ऐंशीच्या पुढं गेलाच नव्हता, मग चलान कामून आलं?" कॅमेरा चुकीचा असेल, असं समजून माणूस वैतागतो. मराठवाड्यात तर हौसेनं सजवलेल्या जीपा भरपूर आहेत. नांदेड, बीड, लातूर, कुठंही जा, मोठे टायर टाकलेली, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवलेली, नव्या रंगाची एखादी जुनी महिंद्रा दिसतेच. अँबेसिडर आणि पद्मिनी जपणारेही आहेत. यातल्या बऱ्याच गाड्यांचा काटा खरा वेग दाखवत नाही, आणि तो किती चुकतो ते मालकाला माहीत नसतं.

काट्याची चूक मोजता येते आणि दुरुस्तही करता येते. फक्त मीटर उघडण्याआधी चूक नेमकी कुठं आहे ते शोधावं लागतं. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते ही पायरी गाळल्यामुळे.

मीटर वेग मोजतच नाही

डॅशबोर्डवरच्या मीटरला रस्ता दिसत नाही. जुन्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर (जीपमध्ये ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या शाफ्टवर) एक छोटा गिअर असतो. तो दुसऱ्या एका दातेरी गिअरला फिरवतो आणि तो दुसरा गिअर मीटरची केबल फिरवतो. म्हणजे मीटरपर्यंत एकच गोष्ट पोहोचते: केबलचे फेरे. इतके फेरे म्हणजे एक किलोमीटर, हे कारखान्यानं ठरवून ठेवलेलं असतं. ठरवताना त्या गाडीचा मूळ टायर आणि मूळ डिफरन्शिअल (शाफ्टची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरांचा संच) धरलेलं असतं.

मोंढ्यात ज्वारी मापायला बसलेला माणूस डोळ्यांत तेल घालून मापं मोजतोय, पण कुणीतरी त्याच्या हातातली पायलीच बदलून मोठी दिली, असं समजा. त्याची मोजणी अचूक, तरी पोत्यात धान्य जास्त जाणार. टायर मोठा केल्यावर मीटरचं नेमकं हेच होतं. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता जास्त अंतर कापते, मीटर मात्र जुनंच अंतर धरून हिशेब करतं. टायर लहान केला, म्हणजे पद्मिनीला चौदाऐवजी तेरा इंची रिम टाकून बुटका टायर चढवला, तर उलटं होतं: काटा जास्त दाखवतो आणि गाडी कमी वेगानं जात असते.

काटा आणि किलोमीटरचे आकडे, दोन वेगळी यंत्रं

हा भाग नीट समजला तर पुढचं सगळं सोपं जातं.

मीटरच्या डब्यात केबल दोन कामं करते. पहिलं, बारीक गिअरांच्या साखळीतून किलोमीटरचे आकडे सरकवते. इथं अंदाज काहीच नाही. केबल ठरावीक फेरे फिरली की आकडा पुढं जाणारच. दुसरं, ती एक चुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि तिच्या दांडीला काटा लावलेला असतो. चुंबक वाटीला शिवत नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेनं ओढतात. दुसऱ्या बाजूनं घड्याळात असते तशी केसासारखी बारीक स्प्रिंग वाटीला मागं खेचते. दोन्ही ओढी जिथं सारख्या होतात, तिथं काटा थांबतो. जर्मनीत ओटो शुल्झ यांनी १९०२ साली या रचनेचं पेटंट घेतलं, आणि पुढं कित्येक दशकं जगभरच्या गाड्यांत हीच रचना राहिली.

म्हणजे चूक होण्याच्या जागा दोन. एक केबलच्या अलीकडे: टायर, डिफरन्शिअल, गिअर. इथं गडबड असेल तर काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकतात. दुसरी जागा डब्याच्या आत. चुंबक अशक्त झाला तर काटा कमी दाखवतो. स्प्रिंग सैल झाली किंवा आतलं जुनं ग्रीस घट्ट होऊन वाटीला सोबत ओढू लागलं तर काटा जास्त दाखवतो. अशा वेळी किलोमीटरचे आकडे मात्र बरोबर चालू असतात.

मीटर उघडण्याआधी आकडे तपासायचे ते यासाठी. चूक कुठं आहे ते आकडेच सांगतात.

चूक किती, ते रस्त्यावर कसं मोजायचं?

लागतं काय? फोनमधलं स्टॉपवॉच, शेजारी बसायला एक माणूस आणि सपाट रस्ता. धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराई ते पाचोडच्या बाजूला असे पट्टे मिळतात. एकाच किलोमीटरच्या दगडावर विसंबू नका. बाह्यवळण झालं, रस्ता रुंद झाला की एखादा दगड जागेवरून हललेला असतो. सलग १० किलोमीटर धरा.

पहाटे, वाहतूक नसताना, काटा ६० वर स्थिर ठेवून १० किलोमीटर जायचं. शेजारच्यानं वेळ मोजायची आणि मीटरवरचे आकडे सुरुवातीला व शेवटी लिहून घ्यायचे. चालवणाऱ्यानं फोनकडे बघायचं नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी. खरा वेग काढायचं गणित सोपं आहे: एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी ३,६०० ला भागायचं.

काटा खरा असेल तर १० किलोमीटरला बरोबर १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद लागतील. समजा लागले ५३६. म्हणजे किलोमीटरला ५३.६ सेकंद आणि खरा वेग ताशी ६७. आता आकडे बघा. मीटरनं त्या १० किलोमीटरमध्ये साधारण ८.९ किलोमीटरच मोजले असतील, तर दोन्ही एकाच प्रमाणात, म्हणजे सुमारे ११ टक्के मागं आहेत. मीटर ठणठणीत आहे. दोष केबलच्या अलीकडे आहे. आणि मीटरनं बरोबर १०.० मोजले असतील तर टायर-गिअरला हात लावू नका, डबा मीटरवाल्याकडे न्या. दोन्ही चुकले पण वेगवेगळ्या प्रमाणात, तर दोष दोन्हीकडे. तेव्हा आधी केबलच्या अलीकडचं दुरुस्त करायचं, मग डबा.

जुन्या मीटरमध्ये दशांशाचा आकडा नसेल तर १० ऐवजी ३० किलोमीटर मोजा.

मोठे टायर आणि बदललेलं डिफरन्शिअल एकत्र आले की

आता शीर्षकातल्या आकड्याकडे येऊ. समजा जीपला २१५/७५ आर १५ मापाचे टायर होते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रिमच्या कडेपासून टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर चाकाचा पूर्ण व्यास साधारण ७०४ मिलिमीटर येतो. त्याजागी ३१ इंची टायर आले. व्यास झाला ७८७. फरक सुमारे १२ टक्के. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ९० च्या आसपास असते.

आता डिफरन्शिअल. त्यातल्या क्राऊन-पिनियन या गिअरजोडीचं प्रमाण म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. जुन्या विलीज घराण्यातल्या जीपांमध्ये ५.३८ आणि ४.८८ अशी दोन्ही प्रमाणं सापडतात. हायवेला इंजिन कमी ओरडावं म्हणून काही जण ५.३८ काढून ४.८८ टाकतात. केबल शाफ्टवरून निघते, चाकावरून नाही. त्यामुळे तेवढ्याच अंतरात शाफ्ट आता ९ टक्के कमी फिरतो आणि काटा तेवढाच खाली येतो.

दोन्ही बदल एकाच गाडीत झाले तर चुका एकमेकींवर चढतात. काटा खऱ्या वेगाच्या ८१ टक्केच दाखवतो. काटा ८०, गाडी जवळपास ९९. ज्या रस्त्याला ७० ची मर्यादा आहे तिथं काटा ७० वर ठेवून चालवणारा प्रत्यक्षात ८६ ने जात असतो. त्याचा हेतू नियम पाळायचाच आहे, म्हणून मला हे जास्त लागतं.

गंमत अशी की उलट्या दिशेनं बदल केला, म्हणजे मूळ ४.८८ होतं आणि मोठ्या टायरला ओढ मिळावी म्हणून ५.३८ टाकलं, तर दोन चुका एकमेकींना जवळपास खाऊन टाकतात. दीड टक्क्याची चूक उरते. त्या मालकानं मीटरला हातही लावू नये.

तक्त्यातल्या व्यासापेक्षा खरं चाक थोडं वेगळं असतं. गाडीच्या वजनानं टायर खाली दबतो, म्हणून रेडियल टायर कागदावरच्या हिशेबापेक्षा साधारण तीन टक्के कमी अंतर कापतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटरची असते. ती झिजून २ वर आली की आणखी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. म्हणून कॅल्क्युलेटरवर भागू नये, जमिनीवर मोजावं.

केबलला कागदाची झेंडी लावून

ही मोजणी वर्कशॉपच्या अंगणातही होते. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, गाडीत नेहमीएवढं वजन ठेवा. जमिनीवर खडूनं रेघ मारा आणि टेपनं मोजून २० मीटरवर दुसरी. मीटरच्या मागून केबल सोडवा आणि आतल्या तारेच्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा तुकडा झेंडीसारखा गुंडाळा. मग गिअर न्यूट्रलला टाकून दोघा-तिघांनी गाडी सरळ ढकलायची आणि एकानं झेंडीचे फेरे मोजायचे. अर्धा, पाव फेराही लिहून घ्यायचा. आलेल्या आकड्याला ५० नं गुणलं की एका किलोमीटरचे फेरे मिळतात.

मीटरला किती फेरे हवेत ते बऱ्याच जुन्या मीटरांच्या डायलवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. परदेशी मीटर मैलाचं असेल तर तो आकडा मैलाला असतो, हे तपासून घ्या. समजा किलोमीटरला १,००० लिहिलंय आणि तुमच्या झेंडीनं २० मीटरला १६.२ फेरे घेतले. म्हणजे ८१०. तुमची गरज कळली: केबल सध्यापेक्षा १.२३ पट जोरात फिरायला हवी. हा आकडा कागदावर लिहून घ्या. पुढं मिस्त्रीकडे, लेथवाल्याकडे, दुकानात, सगळीकडे तोच लागणार आहे.

एक चूक हमखास होते. गाडी ढकलायचा कंटाळा म्हणून एकच मागचं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवतात. डिफरन्शिअलमुळे तेव्हा शाफ्ट निम्माच फिरतो आणि सगळा हिशेब निम्म्यावर येतो. दोन्ही चाकं जमिनीवर फिरली पाहिजेत.

दुरुस्तीचे मार्ग

सगळ्यात चांगला आणि स्वस्त मार्ग म्हणजे केबल फिरवणारा गिअर बदलणं. त्याला दात कमी केले की केबल जोरात फिरते. समजा सध्या १७ दात आहेत आणि चूक फक्त मोठ्या टायरची, म्हणजे १२ टक्के आहे. १५ दातांचा गिअर बसला तर केबल १३ टक्के वाढते आणि काटा खऱ्यापेक्षा एखादाच टक्का जास्त दाखवतो. असाच हवा. पण दात कमी झाले की गिअर लहान होतो आणि शाफ्टवरच्या गिअरला नीट भिडत नाही. एक-दोन दातांपलीकडे सहसा जाता येत नाही.

चूक २३ टक्क्यांची असेल तर गिअरबॉक्स आणि केबल यांच्या मध्ये बसणारी छोटी गिअरची डबी लागते. ती हव्या त्या प्रमाणात बनवता येते. तयार मिळाली नाही तर संभाजीनगरच्या चिकलठाणा किंवा वाळूज एमआयडीसीच्या आसपास बारीक गिअर कापणाऱ्याला गाठा. गाडी दाखवून "अंदाजानं बनवा" म्हणू नका. १.२३ हा आकडा आणि केबल कोणत्या दिशेनं फिरते ते सांगा. डबीमुळे दिशा उलटली तर काटा शून्याखाली ढकलला जाऊन मीटर खराब होतं.

मूळ गिअरबॉक्स काढून दुसऱ्या गाडीचा बसवला असेल आणि त्याला केबलची जागाच नसेल, सेन्सर असेल, तर तो सेन्सर विजेचे ठोके पाठवतो. ते ठोके मोजून छोट्या मोटरनं जुनी केबल फिरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवता येते. त्यात प्रमाण बटणानं बदलतं. महाग आहे, पण जुना डायल जसाच्या तसा राहतो. जुन्या गाडीत नवं डिजिटल मीटर बघितलं की माझा जीव थोडा खट्टू होतो, पण हा प्रश्न आवडीचा आहे.

काटा थरथरत असेल तर आधी केबल बघा. ती कुठं घट्ट वळली असेल, कोरडी झाली असेल. आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात ग्रीस लवकर वाळतं. ग्रीस लावताना तारेच्या खालच्या दोन तृतीयांश भागालाच, तेही पातळ लावा. वरच्या टोकाला लावलेलं मीटरमध्ये चढतं आणि वाटीला चिकटतं. तेल तर अजिबात नको.

डब्यातला दोष मात्र मीटरवाल्यानंच काढायचा. चुंबकाला पुन्हा जोर देणं, स्प्रिंग बसवणं हे घरी स्क्रूड्रायव्हरनं करायचं काम नाही. काही जण काटा उपटून पुढं सरकवून लावतात. त्यानं एका वेगाला काटा जुळतो, बाकी सगळीकडे चुकतो.

"फोनवर जीपीएस आहे की!"

तपासणीसाठी जीपीएस उत्तम आहे. उपग्रहाच्या लहरींची वारंवारिता आपल्या वेगामुळे किती बदलते, त्यावरून ते वेग काढतं. टायर कोणता, गिअर कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सरळ रस्त्यावर स्थिर वेगात ते जुन्या काट्यापेक्षा अचूक असतं. पण वेग बदलताना ते क्षणभर मागं राहतं, आणि बोगद्यात त्याला उपग्रह दिसत नाही. मुंबईकडे जाताना इगतपुरीजवळचा समृद्धीचा बोगदा सुमारे ८ किलोमीटरचा आहे. तेवढ्या अंतरात फोनच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. शिवाय चुकीचा काटा डोळ्यांसमोर तसाच राहतो आणि घाईच्या क्षणी नजर त्याच्याकडेच जाते.

"नव्या गाड्यांचा काटाही चुकतोच ना?"

चुकतो, पण ठरवलेल्या बाजूला. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की काट्यानं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, आणि जास्त दाखवलाच तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर यापेक्षा जास्त नाही. खरा वेग ८० असेल तर काटा ८० ते ९२ च्या दरम्यान चालेल, ७९ चालणार नाही. मोठ्या टायरची जीप नेमकी याच्या उलट बाजूला चुकते. म्हणून दुरुस्ती करताना काटा एक-दोन टक्के पुढं राहील असं बघा. टायर झिजले की तो आणखी थोडा पुढं जाईल, आणि ते सुरक्षित बाजूला आहे.

"जीप काय पळते, इतका विचार कशाला?"

ब्रेकसाठी. गाडी थांबवायला लागणारं ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ८० समजून ९९ नं जाणाऱ्या गाडीला थांबायला दीडपट अंतर लागतं. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि टायर मोठा केल्यानं त्या ब्रेकांची पकड आणखी कमी झालेली. समोर उसाची ट्रॉली वळतेय, मागच्या बाकावर घरची माणसं आहेत आणि चालवणारा ८० च्या हिशेबानं ब्रेक दाबतोय. लाख रुपये रंगावर आणि टायरवर घालणाऱ्या माणसानं हे काम मागं टाकलेलं बघवत नाही.

"मोठे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं"

थोडं पडलंही असेल, कारण मोठा टायर जड असतो. पण आधी मोजणी तपासा. मीटर ११ टक्के कमी मोजत असेल तर मीटरप्रमाणे लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी प्रत्यक्षात साडेतेराच्या जवळ देत असते. ऑइल बदलायची वेळही अशीच पुढं सरकते: मीटरवर ५,००० होईपर्यंत गाडी ५,६०० धावलेली असते.

आरसीवर काय आहे?

मीटर दुरुस्त करणं हा बेकायदेशीर बदल नाही. इंजिन बदलण्यासारख्या कामाला मात्र मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद हवी. मीटरच्या खर्चाआधी हे कागद बघून घ्या. गाडी रस्त्यावरच येणार नसेल तर काटा खरा करून उपयोग नाही.

दुरुस्ती झाली की तीच १० किलोमीटरची फेरी पुन्हा करा, एकदा काटा ४० वर ठेवून आणि एकदा ८० वर. दोन्हीकडे जुळलं तर काम झालं. ४० ला जुळतं आणि ८० ला नाही, तर दोष डब्याच्या आत आहे, तो मीटरवाल्याकडून उघडून घ्यावा लागेल. दुरुस्तीच्या दिवशीचं मीटरचं रीडिंग, टायरचं माप आणि गिअरचे दात सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. गाडी विकताना घेणाऱ्याला ती वही दाखवा, आणि पुढं टायरचं माप बदललं तर झेंडीची मोजणी नव्यानं करा.